शून्य ते चाळीस अंश

चाळीसगावच्या केकी मूस यांनी खान्देशातल्या हौशी फोटोग्राफरांचं जे नुकसान करून ठेवलं आहे, त्याची भरपाई आजवर कुणी मागितलेली नाही. ती मागण्याची वेळ आता आली आहे.

मूस यांचा जन्म १९१२ चा. इंग्लंडात जाऊन कला आणि फोटोग्राफी शिकून आले, चाळीसगावात स्टेशनाजवळच्या घरात शिरले आणि १९८९ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, मोजके प्रसंग वगळता उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. गावात सांगतात, कुणी तरी पंजाब मेलनं यायची होती. म्हणून रात्री त्या गाडीच्या वेळेला घराचं दार उघडलं जायचं. पंजाब मेलही १९१२ साली सुरू झालेली, तेव्हा गाडी आणि गृहस्थ एकाच वयाचे. तर या घरात बसून, टेबलावर चार साध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडून त्यांनी निसर्गाचे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. देशोदेशींची बक्षिसं मिळवली. आज त्या घराचं संग्रहालय झालं आहे.

हे सगळं थोरच आहे. पण त्याचे परिणाम आम्ही भोगतो. जळगाव-धुळे पट्ट्यात एखाद्या माणसानं घरात नुसतं म्हणून बघावं की, फोटोग्राफीसाठी एकदा लडाखला जायला हवं. भाजी निवडता निवडता उत्तर येतं, "केकी मूस कुठं गेले होते लडाखला?" आमच्या सौभाग्यवतींचा फोटोग्राफीशी संबंध आधार कार्डापुरता. पण शाळेत असताना कुणी तरी त्यांना ते संग्रहालय दाखवलं आणि माझ्या दुसऱ्या लेन्सचा निकाल तिथंच लागला. "घरातच काढा की. टेबल आहे ना?" टेबल आहे. त्याच्यावर मिक्सर आहे, विजेची बिलं आहेत, वाळत घातलेली कुरडई आहे. तिथं हिमालय उभा करायचा तर आधी कुरडई उचलावी लागते, आणि ती वाळल्याशिवाय उचलायची नसते.

मूस यांचा दाखला निदान बचतीच्या बाजूनं तरी असतो. बाकीचे सल्लागार खर्चाच्या बाजूनं असतात आणि ते संख्येनं जास्त आहेत. आमचा पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, घ्यायचा तर फुल फ्रेमच घ्या. क्रॉप सेन्सर घेऊन पस्तावाल." फुल फ्रेम म्हणजे छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा सेन्सर. क्रॉप सेन्सरची लांबी-रुंदी त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. तेवढ्या फरकाच्या पैशांत आमच्याकडे ठिबकचं काम होतं. दुसरा म्हणतो, मेगापिक्सलला काही अर्थ नसतो. तिसरा भेटल्याबरोबर पहिलं विचारतो, "मेगापिक्सल किती?" आणि चौथा, जो सगळ्यांत जास्त सोसावा लागतो, तो डोळे अर्धवट मिटून सांगतो की कॅमेरा महत्त्वाचा नसतो, नजर महत्त्वाची. हे वाक्य स्वस्त कॅमेरेवाल्याच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. म्हणणाऱ्याच्या गळ्यात नेहमी असं काही लटकत असतं की नजरेला काम उरू नये.

दुकानात गेलं की 'कॉम्बो' असतो. बॅग, तिवई, पुसायचं फडकं आणि यूव्ही फिल्टर. अतिनील किरण फिल्मच्या रोलला बाधायचे, लांबचे डोंगर निळसर-धुरकट यायचे, म्हणून हा फिल्टर लावत. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढं तशी सोय आधीच केलेली असते. मी हे दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, आपल्याकडे ऊन बघताय ना?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. ऊन होतंच. फिल्टर घेतला. लेन्सला ओरखडा पडत नाही एवढा त्याचा उपयोग आहे, आणि तो फिल्टर न पुसता ठेवला तर फोटो पुसट येतो एवढा अपाय.

उन्हाचाच विषय निघाला आहे तर कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकाकडे वळू. कॅमेरा घेणारा शेवटचं पान वाचत नाही. मी वाचलं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: वापरण्यायोग्य तापमान शून्य ते चाळीस अंश सेल्सिअस. मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांना हाच आकडा आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंत भर दिवसा काढलेला खान्देशातला प्रत्येक फोटो नियमबाह्य आहे. लग्नसराईही नेमकी तेव्हाच. वरातीपुढं उलट्या पावलांनी चालत, दोन कॅमेरे गळ्यात घालून, डांबर पाघळलेल्या रस्त्यावर शूटिंग करणाऱ्या पोरांना आपण जपानी इंजिनिअरांच्या सूचनेचा भंग करतो आहोत याची कल्पना नसते. मोबाइलवाल्यांनी तर पस्तीसवरच रेघ मारली आहे. मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापल्याची सूचना देऊन बंद पडतो, त्यात त्याचा दोष नाही. तो पस्तीस अंशांपर्यंतच कामाला आहे.

नवशिक्यांच्या पुस्तकांत हवामानावर एक प्रकरण असतं. ते सगळं थंडीवर. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवावी. हा सल्ला मला आधी हास्यास्पद वाटला. मग लक्षात आलं की माणसाचं अंग सदतीस अंशांचं आणि बाहेरची हवा पंचेचाळीसची. मे महिन्यात जळगावात बॅटरी ठेवण्यासाठी छायाचित्रकाराच्या बगलेइतकी गार जागा दुसरी नाही. सल्ला बरोबरच होता, फक्त कारण उलटं होतं.

आता 'गोल्डन अवर'. सूर्योदयानंतरचा तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तास, तेव्हा उजेड तिरपा, मऊ, सोनेरी असतो आणि चेहरे छान येतात. सगळं खरं आहे. पण मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सहाच्या आत उगवतो, आणि त्या तासात खान्देशातला माणूस गच्चीवर चादर ओढून झोपलेला असतो, कारण रात्रभर लाइट नव्हती. झोपलेल्या माणसांचे फोटो सोनेरी येतात, पण ते काढू देत नाहीत. संध्याकाळचा तास बरा, तर तेव्हा लू अजून आपलं काम आटोपतं घेत असते.

"दुपारी फोटो काढू नका," हा त्याचाच जोडसल्ला. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. जळगाव आणि धुळे दोन्ही एकवीस अंश अक्षांशाच्या आसपास, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गडप होते. त्या दुपारी माणसाचा फोटो काढला तर डोळे जातात आणि नाकाची सावली मिशी होऊन बसते. साठीतल्या मावशींना ती आवडत नाही. उपाय म्हणून पुस्तक सांगतं, माणसाला सावलीत घ्या. गावात मे महिन्यात सावली एकच असते, पारावरच्या निंबाची, आणि तिथं आधीच पंधरा माणसं, सहा शेळ्या आणि सीट तापू नये म्हणून आणून लावलेली एक मोटारसायकल असते. त्यातलं कुणीही फोटोसाठी बाहेर जायला तयार नसतं.

एक नियम मात्र आमच्यासाठीच केल्यासारखा आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ शंभर असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, कॅमेऱ्यात जवळचा आकडा मिळतो एकशेपंचविसाचा. मीटर नको, बॅटरी नको, बुद्धी नको. फिल्मच्या डब्यावर हे छापलेलं असायचं. ढगांच्या प्रदेशात या नियमाला वर्षातून चार दिवस काम मिळत असेल. आमच्याकडे तो आठ महिने बिनचूक चालतो. म्हणूनच बहुधा तो कुणी शिकवत नाही.

मीटरची कथा वेगळी आहे. कॅमेऱ्यातलं मीटर जगाकडे बघून असं धरून चालतं की समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे. पुस्तकवाले त्यासाठी अठरा टक्क्यांचं करडं कार्ड विकत घ्यायला सांगतात. नांगरलेली काळी कसदार जमीन समोर धरली की मीटरला वाटतं उजेड कमी पडला. ते तो वाढवतं आणि रावेरची जमीन मुरमाड दिसायला लागते. शेतकऱ्याला असा फोटो दाखवू नये. जमिनीच्या बाबतीत माणसं हळवी असतात. इथं एक्स्पोजर उणे करायचं. दिवाळीच्या सुमारास फुटलेली कपाशी घ्या, मीटरला वाटतं उजेड फार झाला. ते तो कमी करतं आणि पांढरा कापूस भिजल्यासारखा करडा येतो. ज्याचा भाव आधीच पडलेला आहे त्याचा रंगही पाडायचा. इथं एक्स्पोजर अधिक करायचं. काळी जमीन आणि पांढरा कापूस दोन्ही फ्रेममध्ये सारखेच आले तर दोन चुका एकमेकींना खातात आणि फोटो आपोआप बरोबर येतो. असा फोटो आला की तो चौथा सल्लागार म्हणतो, "बघ, नजर."

केळीच्या बागेचं तर नावच काढू नका. पुस्तकात लिहिलेलं असतं, झाडांच्या दाट छायेत माणसाचं छायाचित्र सुंदर येतं. केळीची पानं म्हणजे डोक्यावर ताणलेलं हिरवं कापड. खाली झिरपणारा सगळा उजेड हिरवा. यावलच्या एका धडधाकट बागायतदाराचा फोटो त्यांच्या भाऊबंदांनी बघितला आणि काविळीची चौकशी करायला माणसं घरी आली. व्हाइट बॅलन्समध्ये हिरव्याच्या विरुद्ध, गुलाबी-जांभळ्याकडे सरकावं लागतं. सरकवलं. मग बागायतदार बरे झाले आणि केळी आजारी पडली.

लेन्स बदलताना धूळ आत जाऊ देऊ नका, असं सांगतात. बरं.

तिवईबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तिवई घ्या असं सांगणाऱ्या एकानंही ती जळगाव-धुळे रस्त्यावर उभी करून बघितलेली नाही. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक मोकळं माळरान आहे, त्यावर एकच बाभूळ. संध्याकाळी छान दिसते. तिवईचे तीन पाय फाकवून मी वर कॅमेरा बसवला आणि वाकून बघायला लागलो. डोकं वर काढतो तो दोन मोटारसायकली थांबलेल्या. पाठोपाठ शेतातून एक आजोबा काठी टेकत आले. कुणी काही बोलेना. शेवटी आजोबांनीच विचारलं, "किती जाई ऱ्हायनं आमनं?"

नागपूर-सुरत महामार्ग चौपदरी करायचं काम या पट्ट्यात वर्षानुवर्षं चाललं. तीन पायांवर यंत्र ठेवून डोळा लावणारा माणूस या भागात एकाच कामासाठी येतो: मोजणीला. मी म्हणालो, बाबा, फोटो काढतोय. त्यांनी विचारलं, कशाचा? मी बाभळीकडे बोट दाखवलं. आजोबांनी बाभळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांची खात्रीच पटली. सरकारी माणूस खरं सांगत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तोवर बातमी बांधाबांधानं पुढं गेली होती. कुणी सातबारा घेऊन आलं. एकजण म्हणाला, गेल्या खेपेला विहिरीचे पैसे धरले नाहीत, तेवढं लिहून घ्या. मी लिहून घेतलं. दुसरा इलाज नव्हता. बाभळीचा फोटो आला नाही, सूर्य गेला होता.

तिवई नको तर हातात कॅमेरा घेऊन रस्त्यावरची फोटोग्राफी करा, म्हणतात. त्याची पहिली अट: अदृश्य व्हा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच गृहस्थ आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकून गर्दीत फिरायचा, म्हणे. कुणाच्या लक्षातही येत नसे. तो १९४८ साली दिल्लीत येऊन गांधीजींचे शेवटच्या काळातले फोटो काढून गेला, पण धुळ्याच्या पाचकंदीलला आला नाही. नाहीतर काळी पट्टी बघून पहिलाच भाजीवाला म्हणाला असता, "फुटेल शे का भो?" माझा अनुभव असा की कॅमेरा पिशवीतून निम्मा बाहेर येईतो प्रश्न येतो: "कितलाले लिधा?" खरी किंमत सांगितली तर, फसला. कमी सांगितली तर, मलाबी एक आणून दे. मग तो केस नीट करतो, शर्टाचं वरचं बटण लावतो, शेजारच्याला बोलावतो, दोघं छाती काढून ताठ उभे राहतात आणि हसू पुसून टाकतात. निर्णायक क्षण तोवर निघून देवपूरला पोचलेला असतो.

पाणी रेशमासारखं यावं म्हणून शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवा, त्यासाठी काळी काच लावा, असाही एक धडा आहे. धुळेकरांनी तो पांझरेत पाणी येईपर्यंत राखून ठेवावा.

आणि खाण्याचे फोटो. शेवभाजीच्या वाटीवर उजेड पडला की तर्री चकाकते आणि फोटोत पांढरे डाग येतात. ही चकाकी घालवायला पोलरायझर नावाचा फिरता फिल्टर मिळतो. तेल, पाणी, काच यांच्यावरून तिरपा येणारा परावर्तित उजेड तो अडवतो. योग्य कोनातून लावला आणि फिरवला. तर्री गेली. खाली शेव दिसली, खोबरं दिसलं, वाटीचा तळही दिसेल अशी आशा वाटायला लागली. फोटो खानावळीच्या मालकांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही पुण्याची आहे का?" भरिताबद्दल मी बोलत नाही. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं, लाकडी भांड्यात कुटलेलं, वर कांद्याची पात. जिभेला त्याच्यासारखं काही नाही आणि कॅमेऱ्याला त्याच्यात काहीच नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते चवीला मिळालं, छायाचित्राला नव्हे.

सगळ्यात शहाणपणाचा मानला जाणारा सल्ला म्हणजे प्रतींचा. फोटोच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत घरापासून लांब ठेवा, म्हणजे घराला आग लागली तरी काम वाचतं. भुसावळला मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे, तिच्याशेजारी उभं राहून हा सल्ला कुणी देऊन दाखवावा. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं या लष्करी चित्रकाराला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं. अंधार, वटवाघळं, ताप, आणि वर्षामागून वर्षं. मोठमोठे कॅनव्हास रंगवून त्यानं लंडनला धाडले. घरापासून लांबची प्रत. त्यांतले बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेले. गिल तोवर कॅमेऱ्याकडेही वळला होता. लेण्यांचे आणि आसपासच्या वास्तूंचे जोडचित्रांचे फोटो त्यानं काढले, त्यांचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं. पुढं मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ पासून तेरा वर्षं नकला केल्या आणि त्याही लंडनला पाठवल्या. १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाला आग लागून त्यांतल्याही पुष्कळ जळाल्या. मूळ चित्रं डोंगराच्या पोटात जिथल्या तिथं आहेत. वर त्या चित्रांचा फोटो आपण काढायला गेलो तर फ्लॅश बंद, तिवईला परवानगी लागते आणि रखवालदार मागून म्हणतो, "चला, पुढं सरका." जळगावहून साठेक किलोमीटर जाऊन हे ऐकून यायचं.

इतकं सगळं शिकल्यावर माणसाच्या कलेला मागणी येते. आमच्या कॉलनीत एक भावी नगरसेवक आहेत. वर्षानुवर्षं भावी आहेत. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. मी पन्नास मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली, जिच्यासाठी मी मूस यांच्याविरुद्ध घरात प्रदीर्घ लढा दिला होता. संध्याकाळचा तिरपा उजेड घेतला, दादांना निंबाखाली उभं केलं, मागची पानं अशी विरघळवली की नुसते हिरवे-सोनेरी गोळे तरंगावेत. डोळ्यांवर फोकस केला. दादा म्हणाले, गॉगल घालतो. घातला. फ्लेक्सवाल्या पोरानं फोटो उघडला, मागचं सगळं एका टिचकीत कापून फेकलं आणि तिथं दोन घोडे, उगवता सूर्य आणि पाण्याचे फवारे बसवले. दादांचा हात रिकामा दिसतो म्हणून कानाला दुसऱ्याच कुणाच्या हातातला मोबाइल लावला. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, पासपोर्ट साइज, ओळीनं. फोटो काढणाऱ्याचं नाव घालायला जागा नव्हती. तिथं सौजन्य म्हणून मंडपवाल्यांचा नंबर आला.

फ्लेक्स चौकात पावसाच्या तोंडापर्यंत राहिला. मग दादांच्या शेतावर गेला, कडब्याच्या गंजीवर झाकायला. गंजी मोठी निघाली, एका बाजूनं कडबा भिजला. दादांनी मुद्दाम बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी मोठा करू, वीस बाय दहाचा. मी म्हटलं, मग नवीन फोटो काढू, या खेपेला सकाळच्या उजेडात. ते म्हणाले, "कशाला? जुनाच ताणून घेऊ."